जागतिक मंडळीचा सभासद असताना गावच्या मंडळीचा दाखला कशाला?

नगरचा_खराडीकर

सर्वांना सलाम. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज मांडतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. गावची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, जुनी, अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली. आजोबा तिथे पंच होते. माझा बाप्तिस्मा, दृढीकरण (पूर्ण सभासद करून घेण्याचा विधी), वडिलांची माती, सगळं त्याच देवळातून झालं. अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याला आलो. आधी कॅम्पात राहिलो, मग हडपसरला, आता खराडीत. घर बदललं की जवळच्या देवळात जायचो, मागे बसायचो, उपासना झाली की निघायचो. नाव कुठेच घातलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत उपासना मोबाईलवर आली आणि त्या दिवसांत तिनेच मला धरून ठेवलं, हे मी विसरणार नाही. पण टाळेबंदी उठली, देवळं उघडली, तरी मी मोबाईलवरच राहिलो. कधी मुंबईची उपासना, कधी अमेरिकेतली, कधी केरळची. मनाशी म्हणायचो, ख्रिस्ताचं शरीर जगभर पसरलेलं आहे, मी त्याचा अवयव आहे, अजून काय पाहिजे?

जानेवारीत आई कायमची माझ्याकडे आली. वय ७४. पहिल्याच रविवारी सकाळी सातला पांढरं लुगडं नेसून, पिशवी घेऊन सोफ्यावर तयार बसली. पिशवीत बायबल, 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक, चष्म्याचं घर आणि रुमालाच्या गाठीत वीस रुपये. मी टीव्हीवर उपासना लावून दिली. मतांगीकाराला, म्हणजे विश्वासाची कबुली म्हणताना, ती घरात एकटीच उभी राहिली. दानार्पणाचं गीत सुरू झालं तशी तिने रुमालाची गाठ सोडली, नोट हातात घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाळा, हे कुठं टाकू?"

पुढच्या रविवारी तिला जवळच्या एका मराठी मंडळीत घेऊन गेलो. लोकांनी चहा दिला, विचारपूस केली. तिसऱ्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, होतं. कमिटीतले एक गृहस्थ आईजवळ येऊन म्हणाले, "मावशी, गावच्या मंडळीचा दाखला आणा, मागची वर्गणी भरल्याची पावती आणा, मग नाव घालू. तोवर आज थांबा." १९६७ साली दृढीकरण झालेली माझी आई बाकावर बसून राहिली. तिच्या पुढून सगळी रांग गेली.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. दर रविवारी आपण तोंडाने म्हणतो, "पवित्र सार्वत्रिक मंडळीवर माझा विश्वास आहे." सार्वत्रिक म्हणजे सगळीकडची ना? मग एका देवळातून दुसऱ्या देवळात जायला चिठ्ठी कशाला? की सार्वत्रिक मंडळी फक्त म्हणण्यापुरती, आणि खरी ती यादीवाली, वर्गणीवाली?

देहूरोड_फेलोशिप

तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. म्हणूनच आम्ही यादी ठेवतच नाही. आमचे वीस-बावीस जण एका घरात जमतात. "जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तेथे त्यांच्यामध्ये मी आहे" असं प्रभूने स्वतः सांगितलंय. बिशप, कमिटी, वही ही सगळी माणसांची भर.

शब्दवेडी

मी बायबल कॉलेजात शिकते, सध्या ह्याच शब्दावर निबंध चालू आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपण 'मंडळी' म्हणतो त्याचा ग्रीक शब्द एक्लेसिया. मुळात तो धार्मिक शब्दच नाही. ग्रीक नगरांत नागरिकांना हाक देऊन जमवत ती सभा म्हणजे एक्लेसिया. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसच्या नाट्यगृहात जमलेल्या गोंगाटाच्या जमावालाही लूक हाच शब्द वापरतो. आणि जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी इस्राएलच्या समुदायासाठी, म्हणजे इब्री 'काहाल'साठी, बहुतेक ठिकाणी हाच शब्द घेतला होता. त्यामुळे पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या कानाला ह्या शब्दात दोन्ही ऐकू येत असणार, गावातली जमलेली सभा आणि देवाची सगळी प्रजा.

नव्या करारात हा शब्द ११४ वेळा येतो आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी अर्थ स्थानिकच आहे. करिंथ येथील मंडळी, गलतीयातल्या मंडळ्या, अक्विला आणि प्रिस्का ह्यांच्या घरातली मंडळी. पण इफिसकरांस पत्र उघडलंत की चित्र बदलतं. तिथे ख्रिस्त मंडळीचं मस्तक आहे आणि मंडळी त्याचं शरीर. ती कुठल्या एका गावची नाही. इब्री १२ मध्ये तर स्वर्गात नावं नोंदलेल्यांची मंडळी आहे.

शुभवर्तमानांत मात्र हा शब्द दोनच जागी येतो, दोन्ही मत्तयात. १६:१८ मध्ये येशू म्हणतो, ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन. ती सगळी मंडळी आहे, अधोलोकाच्या दारांना पुरून उरणारी. आणि १८:१७ मध्ये म्हणतो, भाऊ ऐकत नसेल तर मंडळीला कळव. आता अख्ख्या जगाला कसं कळवणार? ती शेजारच्या बाकावरची मंडळी आहे.

@देहूरोड_फेलोशिप, तुम्ही दिलेलं वचन त्याच १८ व्या अध्यायातलं, तीनच ओव्या पुढचं आहे. दोघे-तिघे जमतात ते चुकलेल्या भावाला परत मिळवायला, साक्ष द्यायला. म्हणजे तिथेही कोण आपला भाऊ हे माहीत असावं लागतं. तुमच्या घरातल्या वीस-बावीस जणांची नावं तुम्हाला पाठ असतील. ती यादीच झाली की.

आणखी एक जागा मला फार आवडते. प्रेषितांची कृत्ये ९:३१ मध्ये जुन्या हस्तलिखितांत "यहूदिया, गालील व शोमरोन ह्यांतील मंडळी" असं एकवचन आहे, तर नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांत "मंडळ्या" असं अनेकवचन. तीन प्रांत, आणि नकलून घेणाऱ्यांनाही एक म्हणावं की अनेक हे सुटलं नव्हतं.

देहूरोड_फेलोशिप

@शब्दवेडी हो, नावं पाठ आहेत. हा मुद्दा कधी असा डोक्यात आला नव्हता. विचार करतो.

वसईचा_पुण्यात

मी कॅथलिक, वसईकडचा, वडगाव शेरीत राहतो. आमच्याकडे शब्दच वेगळा, आम्ही 'ख्रिस्तसभा' म्हणतो. आणि बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. आमच्या शिकवणीत 'स्थानिक ख्रिस्तसभा' म्हणजे धर्मग्राम (एका देवळाभोवतीचा समाज) नव्हे, बिशपांसकट सगळा धर्मप्रांत. धर्मग्राम त्याचा भाग. तरी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजात मुद्दाम म्हटलंय की वेदीभोवती जमलेले समुदाय कितीही लहान, गरीब, विखुरलेले असले तरी त्यांच्यात ख्रिस्त हजर असतो, आणि त्याच्या सामर्थ्याने एक, पवित्र, कॅथलिक, प्रेषितीय ख्रिस्तसभा तिथे एकत्र येते. शाखा किंवा तुकडा म्हणून नाही, ख्रिस्तसभा म्हणूनच.

आधी काय, वैश्विक की स्थानिक, ह्यावर आमच्यातही मोठा वाद झालेला आहे. कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, ह्यांचं म्हणणं होतं की वैश्विक ख्रिस्तसभा मुळातच आधीची, ती स्थानिक सभांची बेरीज नव्हे. कार्डिनल कास्पर म्हणाले, दोन्ही एकदमच जन्मतात, पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, यरुशलेमात जी जमली ती स्थानिकही होती आणि वैश्विकही. मला कास्परांचं पटतं. शिष्य जमत त्या माडीवरच्या खोलीला पत्ता होता.

पण मला सांगायचंय ते वहीबद्दल. माझं लग्न पुण्यात झालं. काही महिन्यांनी गावी गेलो तेव्हा फादरनी माझ्या बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढून दाखवलं. पिवळं पान, माझं नाव, आईवडिलांची, धर्ममातापित्यांची नावं, आणि समासात ताज्या निळ्या शाईने लग्नाची तारीख आणि पुण्याच्या धर्मग्रामाचं नाव. आमच्या कायद्यात हे बंधनच आहे. लग्न जगात कुठेही लागो, त्याची नोंद बाप्तिस्मा जिथे झाला त्या वहीत जाते. त्या समासाकडे बघताना मला पहिल्यांदा 'वैश्विक' ह्या शब्दाचा अर्थ कळला. पुण्यातल्या एका फादरनी वसईतल्या एका फादरना पत्र लिहिलं होतं. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते.

मागच्या_बाकावरची

कडू वाटेल, पण लिहिते. मी चार वर्षं कुठल्याच मंडळीत जात नाही. कमिटीची निवडणूक आली की भावकी बघून गट पडायचे. कोण मूळचे कुठले, कोणाचे पूर्वज आधी ख्रिस्ती झाले, कोणाच्या आडनावावरून काय कळतं, हे सगळं प्रभूच्या मेजापाशी चालायचं. माझ्या नवऱ्याने हिशेब विचारला तर आमच्या घरी प्रार्थनेला येणं लोकांनी बंद केलं. मुलगा आजारी होता तेव्हा एक माणूस फिरकला नाही.

त्या काळात मला जगवलं ते ह्या विश्वासाने की मंडळी म्हणजे एवढेच लोक नाहीत. शहिदांपासून आजवरचे सगळे, माझी आजी, ओळखीचे-अनोळखी, सगळे मिळून मंडळी, आणि त्यांनी मला टाकलेलं नाही. त्यामुळे "सार्वत्रिक मंडळी फक्त म्हणण्यापुरती" असं मी तरी म्हणणार नाही. ती नसती तर मी ख्रिस्तीच उरले नसते.

घंटाघर_गुरुवारपेठ

भगिनी, आपण लिहिलेलं दोनदा वाचलं. मी वयाने मोठा आहे, आणि मीही अशा कमिट्यांवर बसलेलो आहे. मुलाच्या आजारपणात कोणी आलं नाही, ह्याची मंडळीच्या वतीने मी आपली क्षमा मागतो. आता मुलगा बरा असावा अशी प्रार्थना.

आपलं म्हणणं पवित्र शास्त्रात बसतं. तुकड्या पडलेल्या, कोर्टात भांडणाऱ्या, प्रभुभोजनाला एक उपाशी आणि एक पिऊन मस्त अशा करिंथकरांनाच पौलाने "करिंथ येथील देवाची मंडळी" म्हटलं, आणि त्याच ओवीत लगेच "सर्व ठिकाणी प्रभूचं नाव घेणारे" जोडले. लावदिकीयाची मंडळी कोमट होती, तरी प्रकटीकरणातल्या सात समयांमध्ये तिची समई होतीच आणि प्रभू त्या समयांमधून चालत होता.

आता मूळ प्रश्नाकडे. @नगरचा_खराडीकर, आपल्या मातोश्रींना प्रभुभोजनाला थांबवलं ते चुकलं. त्याची बाजू घेता येणार नाही. त्या दुसरीकडच्या दृढीकरण झालेल्या सभासद आहेत, एवढं त्यांनी सांगितलं की पुरे होतं. वर्गणीच्या पावतीचा आणि मेजाचा काही संबंध नाही. पण 'चिठ्ठी कशाला' ह्या प्रश्नावर मी आपल्याशी सहमत नाही. माझं मत अगदी उलट आहे.

दाखला ही सार्वत्रिक मंडळीच्या आड येणारी भिंत आहे असं आपण धरून चाललात. माझ्या मते तो कागद म्हणजेच सार्वत्रिक मंडळी, हातात धरता येईल अशी. पौलाने रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात काय लिहिलंय बघा. किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची मी शिफारस करतो, तिचा प्रभूमध्ये स्वीकार करा, तिला लागेल ती मदत करा. पहिल्या शतकात एक बाई समुद्र ओलांडून अनोळखी राजधानीत उतरते, तिच्यापाशी एक पत्र आहे आणि त्या पत्रावर तिला घरं उघडतात. अपुल्लो इफिसाहून अखयाला निघाला तेव्हा इफिसच्या बंधूंनी असंच पत्र दिलं. पुढे ही रीत इतकी रुजली की ४५१ सालच्या खाल्सेदोनच्या परिषदेने नियमच केला, शिफारसपत्राशिवाय परगावच्या पाळकवर्गाने दुसरीकडे सेवा करू नये. ज्या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे कोणीतरी आपल्या गावच्या सहीवर विश्वास ठेवतं. ती सही खरी मानण्याचं कारण एकच, दोन्हीकडचा प्रभू एक.

सार्वत्रिक मंडळी ही मनात ठेवायची गोष्ट नव्हती. पौलाने मासेदोनिया आणि अखयातल्या मंडळ्यांकडून यरुशलेमातल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. हो, वर्गणीच. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवा, असं लिहून. ग्रीक मंडळीचा पैसा यहूदी मंडळीच्या पोटात गेला. एकीचा विषय काढला की मला हे आठवतं.

जुन्या मतपत्रांचा आधार घेऊन 'अदृश्य मंडळी पुरे' असं पुष्कळ जण म्हणतात, म्हणून एवढं सांगतो. वेस्टमिन्स्टरच्या मतपत्रात, १६४० च्या दशकातल्या, मंडळीविषयीच्या अध्यायात अदृश्य मंडळीची, म्हणजे फक्त देवालाच ठाऊक असलेल्या खऱ्या विश्वासणाऱ्यांची, व्याख्या पहिल्याच कलमात आहे. पण पुढच्याच कलमात ते लोक दृश्य मंडळीबद्दल लिहितात की तिच्याबाहेर तारणाची सर्वसाधारण शक्यता नाही. घरी बसायला परवानगी म्हणून त्यांनी 'अदृश्य' हा शब्द काढला नव्हता. खरे कोण हे देवच जाणतो, गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्र वाढणार, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

आळंदीकर

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, पण हा धागा पहिल्यापासून वाचतोय. बोलू का? आमच्याकडे वारी एकच. पण वारीत नुसतं 'वारीला' जाता येत नाही, दिंडीत जावं लागतं. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, नंबर ठरलेले. दिंडीचा वीणेकरी, दिंडीचा ट्रक, दिंडीचा स्वयंपाक. वाटेत पाय सुजला तर अख्खी वारी थांबत नाही, दिंडीतला माणूस थांबतो. तुमचा प्रश्न वाचून हे आठवलं. चुकीचं असेल तर क्षमस्व.

नगरचा_खराडीकर

@आळंदीकर, क्षमा कसली, मनापासून आभार. "दिंडीतला माणूस थांबतो" हे वाचून मी फोन खाली ठेवला. वडील गेले तेव्हा रात्री अडीचला ज्यांनी खड्डा खणायला माणसं जमवली ते गावच्या मंडळीतले होते. तेव्हा मी हैदराबादला होतो.

@घंटाघर_गुरुवारपेठ काका, उत्तर अजून पूर्ण पचलं नाही. राग आहेच. पण एक विचारतो. आपल्याकडेच नारायण वामन टिळकांनी हे सगळं सोडलं होतं ना? १९१७ मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्या ख्रिस्तभक्तांचा. आमच्या नगरचाच माणूस. आणि पंडिता रमाबाई? बाप्तिस्मा इंग्लंडात, अँग्लिकन सिस्टर्सच्या छायेत वाँटेजला झाला, १८८३ मध्ये, पण कुठल्याही एका पंथाच्या दावणीला बांधून घ्यायला त्यांनी नकार दिला. ह्या दोघांहून मोठे मराठी ख्रिस्ती मला ठाऊक नाहीत. दोघांनाही भिंती नको होत्या.

शब्दवेडी

दोघांचीही नावं काढलीत हे बरं झालं. टिळकांना परदेशी मिशनची चौकट नको होती, माणसांचा मेळा नको नव्हता. त्यांनी नाव काय दिलं बघा, दरबार. दरबार म्हणजे जमणं आलंच, एकट्याने घरी बसून दरबार भरत नाही. १९१९ मध्ये ते गेले, म्हणून तो प्रयोग कुठवर गेला असता हे सांगता येत नाही.

रमाबाईंचा प्रवास मला जास्त बोलका वाटतो. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनना लिहिलेल्या पत्रांत त्या कडाडून भांडतात. भारतातल्या पुरोहितांचं जू आत्ताच कुठे मानेवरून काढलं, आता दुसरं घेणार नाही, असा त्यांचा सूर आहे. आणि ह्याच बाईंनी पुण्याजवळ केडगावला काय उभं केलं? दुष्काळातून, बालवैधव्यातून आणलेल्या शेकडो मुलींचं मुक्ती. रोजची प्रार्थना, शेत, छापखाना, स्वयंपाकघर. १९०५ चं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृतीची लाट, तिथे झालं ते एकत्र जमलेल्या मुलींमध्ये. पंथाचं नाव त्यांनी लावलं नाही, पण मुक्तीइतकी घट्ट मंडळी त्या काळात महाराष्ट्रात क्वचितच कुठे असेल. जगभरच्या ख्रिस्ती लोकांची मदत तिथे येत होती, आणि त्या मदतीची भाकरी केडगावच्या एका ठरावीक चुलीवर भाजली जात होती.

वसईचा_पुण्यात

+१. शेवटचं वाक्य लिहून ठेवलं.

घंटाघर_गुरुवारपेठ

नगर आणि गुरुवार पेठ ह्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. @नगरचा_खराडीकर, आपली परंपरा काँग्रिगेशनल. तिथे जमलेली स्थानिक मंडळी हीच ख्रिस्ताखाली पूर्ण मंडळी, तिच्यावर कोणी साहेब नाही. आमच्या पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाची परंपरा अँग्लिकन. आमच्यात बिशपाशिवाय मंडळीची कल्पनाच नव्हती. लहानपणी आम्हांला नगरकडचे लोक दुसऱ्याच धर्माचे वाटायचे, खरं सांगतो. त्यांच्या उपासनेत गुडघे टेकत नाहीत, ह्याचं मला फार आश्चर्य वाटे.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झालं तेव्हा मी तरुण होतो. अँग्लिकन आले. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल आधीच मिळून झालेलं युनायटेड चर्च आलं. बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आले. बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आणि मोठेपणीच मानणारे एका छताखाली, दोन्ही रीती ठेवून. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी अगदी शेवटी माघार घेतली, ती खंत आमच्या वडीलधाऱ्यांना कायम राहिली. त्यानंतर नगरकडचे एक पाळकसाहेब आमच्याकडे उपासनेला आले. त्यांनी भाकर मोडली आणि माझ्या वडिलांनी, कट्टर पंचहौदवाल्यांनी, हात पुढे केले. मी शेजारी गुडघे टेकून होतो. वडिलांचे हात थरथरत होते, हे मला आजही दिसतं.

सार्वत्रिक मंडळी मी पाहिली ती तिथे, वेदीपुढच्या त्या कठड्यापाशी.

मागच्या_बाकावरची

काका, तुम्ही माझ्याकडे क्षमा मागितलीत. तुमची चूक नव्हती. मुलगा आता बरा आहे, नववीत आहे. एवढंच सांगायचं होतं.

देहूरोड_फेलोशिप

गेल्या रविवारी आमच्यात हा विषय काढला. एक ताई म्हणाल्या, आपल्यातलं कोणी उद्या नाशिकला गेलं तर तिथे कोण ओळखणार? आम्ही कोणाला पत्र लिहिणार, आणि आमचं पत्र कोण मानणार? कोणापाशी उत्तर नव्हतं. सध्या आम्ही जवळच्या एका मंडळीच्या पाळकांना भेटायचं ठरवलंय. विलीन व्हायला नाही, ओळख करून घ्यायला.

नगरचा_खराडीकर

तीन आठवड्यांनी परत आलो. पुढचं सांगतो.

काकांचं उत्तर वाचून मी आधी इथल्या पाळकसाहेबांना भेटलो. कमिटीवाल्या गृहस्थांचं नाव न घेता झालं ते सगळं सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, वर्गणीच्या पावतीचा नियम आमच्यात नाही, प्रभुभोजनाला कोणाला थांबवायचा अधिकार त्या गृहस्थांना नाही, आणि मी तुमच्या आईंकडे येतो. त्याच संध्याकाळी आले. आईच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आई, आमच्याकडून चुकलं." आई म्हणाली, "अहो, आधी चहा घ्या."

मग गावी फोन केला. गावचे पाळकसाहेब तरुण आहेत, मला लहानपणापासून ओळखणारे नव्हेत. म्हणाले, "मावशींचा दाखला आजच लिहितो. तुमचं काय करू?" मी विचारलं, माझं काय? ते म्हणाले, "तुमचं नाव आमच्याच वहीत आहे. दरवर्षी वार्षिक सभेआधी मी यादी वाचतो आणि बाहेरगावच्या सभासदांसाठी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतो. तुमचं नाव एकविसावं येतं."

अकरा वर्षं मला वाटत होतं की मी कुठेच नाही, फक्त 'जागतिक' आहे. आणि एका लहान गावातले काही लोक, ज्यांतल्या निम्म्यांना मी ओळखतही नाही, दरवर्षी माझं नाव घेत होते.

पाकीट कुरिअरने आलं. कागद साधा, वर मंडळीचा शिक्का, अक्षर तिरकं. आईचा मजकूर असा: "सदर भगिनी आमच्या मंडळीच्या पूर्ण सभासद असून त्यांची वर्तणूक ख्रिस्ती साक्षीस शोभेल अशी आहे. आपण त्यांचा प्रभूमध्ये स्वीकार करावा व त्यांना लागेल ती मदत करावी." आईने चष्मा लावून वाचला, आणि म्हणाली, हे फिबीचंच आहे की. मी तिला ह्या धाग्याबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. तिला ते वचन पाठ आहे.

पाकिटात दोन कागद होते. गेल्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी दोन्ही मोठ्याने वाचले. दानार्पणाची थैली आली तेव्हा आईने गाठ सोडली.

@घंटाघर_गुरुवारपेठ काका, एकदा पंचहौदला तुम्हाला भेटायला यायचं आहे. आईलाही आणतो, तिला घंटा ऐकायच्या आहेत.

घंटाघर_गुरुवारपेठ

अवश्य या. आधी कळवा म्हणजे मी दारापाशी उभा राहीन.

मागच्या_बाकावरची

@नगरचा_खराडीकर, तुमच्या तिकडे मराठी उपासना किती वाजता असते?

नगरचा_खराडीकर

साडेआठला. पण आई आठलाच जाऊन बसते, डावीकडे दुसऱ्या रांगेत, खिडकीशी. तिच्या शेजारी दोन जागा मोकळ्या असतात. निरोप व्यक्तिगत संदेशात पाठवलाय, पत्ता त्यात आहे.